कोणत्या कडेवर?

"लेकरू कोणत्या कडेवर घेते वं?"

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टर नलिनीबाई हा प्रश्न विचारायच्या, आणि पलंगाशेजारी उभे असलेले पुरुष एकमेकांची तोंडं बघायचे. पाय मोडलाय बायकोचा, आणि ही डॉक्टरीण लेकराच्या काय चौकशा करते! एक जण तर म्हणाला होता, "बाई, लेकरू घरी हाये हो आजीपाशी. त्याले काही नाही झालं." बाईंनी त्याच्याकडे चष्म्यावरून असं पाहिलं, की पाणी आणतो म्हणून जो सटकला तो संध्याकाळीच उगवला.

बायकांना प्रश्न बरोबर कळायचा. "डाव्या कडेवर घेते बाई," असं कोणी लाजत सांगितलं, की बाई उजव्या कमरेवर पेनाने फुली मारायच्या.

ती फुली कशाची ते सांगते. मोडलेलं हाड जुळत नसलं, की त्या फटीत पेशंटचंच दुसरं हाड भरावं लागतं. ते काढतात कमरेच्या कडेचं. कमरेवर हात ठेवला की जी टणक कड हाताला लागते ना, तिथलं. पाय जुळतो, माणूस चालायला लागतो, सगळे खुश. पण जिथून हाड काढलं ती जागा दुखत राहते, महिनोन्महिने, कोणाची वर्षावर. आणि बाईमाणसाच्या त्या कडेवर काय काय नसतं! परकराची नाडी तिथेच, लेकरू तिथेच, पाण्याची कळशीही तिथेच.

मी मेहकरला त्यांच्या दवाखान्यात सिस्टर होते. सुनंदा सिस्टर. मूळची बीबी गावची, त्यामुळे तोंडाने फटकळ. बाईही फटकळ, म्हणून आमचं जमलं. आता कोणी त्यांची स्तुती करायला लागलं की मी उठून आत जाते. देवमाणूस होत्या हो, असं म्हणतात लोक. असतील. पण देवमाणसाने केसाने गळा कापला तर त्याची फिर्याद कुठे करायची, ते एकदा कोणीतरी सांगा मला.

बाई दिसायला अंगापिंडाने थोराड. हात तर असे की हातोडा शोभून दिसावा. मनगटावर पुरुषी घड्याळ. साडी गुडघ्याच्या जरा खालीच संपायची, चपला सदा झिजलेल्या. लग्न केलं नाही. का नाही केलं, असं एका आजीने तोंडावर विचारलं तेव्हा म्हणाल्या, "वेळ नाई भेटला आजी. तुमचे पाय नीट करता करता राह्यलं." दुपारी भाकर आणि ठेचा खायच्या, तेही आमच्यात खाली बसून. चहा बशीत ओतून फुर्र करून प्यायच्या. बाहेरून मोठे डॉक्टर आले तरी बशीच. वर त्या डॉक्टरलाही म्हणायच्या, "प्या हो बशीत, पोळून घेऊ नका."

आणि खोटं बोलायच्या नाहीत. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढची सगळी आग त्यातूनच आहे.

डॉक्टर लोक थोडं गोड खोटं बोलतातच. मुंगी चावेल, कळणारसुद्धा नाही, दोन दिवसात पळायला लागाल. बाईंना ते जमायचंच नाही. पोरगं रडत आलं, हात मोडलेला, सगळे त्याला गोंजारताहेत, तर बाई त्याच्यासमोर स्टूल ओढून बसायच्या. "हे पाय, आता टोचन. दुखन. रडाचं असन तं रड, मी काही म्हणत नाई. पण हात हलवला तं पुन्हा टोचावं लागन. ठरव." पोरगं डोळे वटारून बघायचं आणि हात पुढे करायचं. त्याच्या आईला विश्वास बसायचा नाही. मला मात्र ते पाहून बरं वाटायचं. वाटायचं, चला, जगात एक माणूस आहे ज्याचं बोलणं पुन्हा तपासून घ्यावं लागत नाही.

कमरेचं दुखणं बाईंना कसं कळलं तेही ऐकण्यासारखं आहे. पिंपळगाव राजाहून, एवढ्या लांबून, आमच्याकडेच ऑपरेशन झालेली एक बाई तपासून घ्यायला आली होती. तिच्या पायाचं हाड छान जुळलेलं. नवरा म्हणाला, "एकदम ओक्के हाये मॅडम, काही दुखत-बिखत नाई." तिनेही मान हलवली. पण बाईंचं लक्ष तिच्या साडीकडे. तिने परकर पार छातीखाली नेऊन बांधला होता. बाईंनी नवऱ्याला बाहेर काढलं, पाठोपाठ सासूलाही, आणि दार लावून विचारलं, "नाडी वर काऊन बांधली वं?" ती जी रडायला लागली! कमरेला दोरी लागली की जीव जातो, लेकरू घेता येत नाही, पण हे सासऱ्या-दिराच्या देखत सांगणार कसं? कमरेचं दुखणं बाईने चारचौघांत बोलायची आमच्याकडे रीतच नाही. आणि डॉक्टर विचारतात ते पायाचं.

त्या दिवशी बाईंनी भाकर खाल्ली नाही. मला म्हणाल्या, "सुनंदा, आपण इतकी वर्षं 'कंबर दुखत नाई' असं समजून राह्यलो. कोणाले विचारत होतो आपण? नवऱ्याले!" तेव्हापासून जुन्या बायका आल्या की पुरुष बाहेर, दार बंद. आणि तेव्हापासूनच तो कडेवरचा प्रश्न.

मग नागपूरला डॉक्टरांच्या कुठल्या बैठकीला गेल्या आणि येताना ते पांढरे खडे घेऊन आल्या. सिरॅमिकचं हाड. दिसायला भगरीसारखं. हाडात जो चुन्यासारखा भाग असतो तोच कारखान्यात बनवून भट्टीत भाजलेला. फटीत भरला की हळूहळू आपलं हाड त्यात वाढत जातं. फट लहान असली तर नुसत्या खड्यांवर भागतं, कमरेला हातच लावायचा नाही. फट मोठी असली तर कमरेचं हाड घ्यायचं, पण कमरेतला खड्डा या खड्यांनी बुजवायचा, म्हणजे पुढचं दुखणं पुष्कळ कमी. बाईंना कोण आनंद झाला होता! "रस्त्याच्या कामाले मुरूम काढते तं तो खड्डाबी लोक बुजवते वं. अन् आपण बाईच्या कमरेत खड्डा करून तसंच शिवून टाकत होतो!"

लोकांना मात्र भलतीच शंका. हे कोणत्या जनावराचं हाड? बामणाच्या घरचे विचारायचे तसेच खाटकाच्या घरचेही विचारायचे, दोघांची भीती वेगळी, प्रश्न एकच. बाई चहाची बशी वर करून दाखवायच्या. "ही कोन्या जनावराची हाये? तसंच ते. भट्टीतलं. बशीची चुलत बहीण." झालं, गावात नावच पडलं, कपबशीचं हाड.

आणखी एक गोष्ट सांगते, म्हणजे बाई कशा होत्या ते नीट कळेल. आमच्याकडे पायाची ऑपरेशनं अर्ध्या भुलीत होतात. पाठीच्या मणक्यात सुई दिली की कमरेसकट खालचं सगळं बधिर. माणूस जागाच असतो. मधे हिरवं कापड आडवं बांधतात, कापडाच्या अलीकडे डोकं, पलीकडे पाय. ऑपरेशन चालू असताना काही नवं निघालं तर सर्जन दारापर्यंत येतो आणि बाहेर बसलेल्या नातेवाइकाला विचारतो. सगळीकडे हीच पद्धत. आणि नातेवाईक पुरुषाचं उत्तरही सगळीकडे एकच, "तुम्हाले जसं वाटन तसं करा." जसं काही दुकानात साडीचा रंग विचारलाय!

एकदा एका बाईच्या ऑपरेशनात हाडावर बसवलेली एक जुनी स्टीलची पट्टी काढावी की ठेवावी असा प्रश्न आला. मदतीला नवीन डॉक्टर होता, तो दारातून विचारून आला. "नवरा म्हणते, जसं वाटन तसं." बाई तिथूनच ओरडल्या, दार उघडंच होतं, बाहेर ऐकू जाईल असं, "हाड त्याचं हाये का? तो काऊन परवानगी देऊन राह्यला? ही काय मेली का?" आणि कापडावरून डोकं पुढे घालून त्या बाईलाच विचारलं, "वत्सलाबाई, पट्टी ठेवू का काढू? ठेवली तं थंडीत ठणकन. काढली तं अजून अर्धा घंटा लागन." वत्सलाबाई जरा विचार करून म्हणाल्या, "काढून टाका बाप्पा." त्या दिवशी मला वाटलं होतं, या बाईच्या हाताखाली जन्म गेला तरी चालेल.

आता रेहाना.

रेहाना डोणगावची. मन्यारीण, म्हणजे बांगड्या विकणारी. टोपली कमरेवर घेऊन गावोगाव फिरायची, मेहकरला आली की आमच्या दवाखान्यात हमखास. आम्हा सिस्टरांना ड्युटीवर बांगड्या घालता येत नाहीत हे तिला ठाऊक, तरी यायची. "घेऊ नका दीदी, पाहा तं." बसायची, पाणी प्यायची, तालुक्यातल्या सगळ्या लग्नांची खबर देऊन जायची. नवरा सलीमभाई गॅरेजात गाड्या दुरुस्त करायचा. माणूस गरीब, म्हणजे स्वभावाने. धाकटी मुलगी शायना एका कडेवर आणि टोपली दुसऱ्या कडेवर, अशी ती चालायची, आणि तरी हात हलवून बोलायची. हे तिला कसं जमायचं ते अल्ला जाणे.

ती बाजाराच्या गर्दीच्या ॲपे रिक्षातून पडली. नडगीचं हाड मोडलं. आधी दुसऱ्या दवाखान्यात ऑपरेशन करून पट्टी घातली, ते जुळलं नाही, म्हणून आमच्याकडे आली. बाईंनी एक्स-रेचे फोटो पाहिले आणि सवयीने विचारलं, "लेकरू कोणत्या कडेवर घेते वं?"

"डाव्या."

"मग उजवी कड..."

"उजवीवर टोपली हाये ना बाई." रेहाना हसली. "मेरी तो दोनो बुक हैं."

बाईंची फुली राहिली. पेन हातात तसंच. रेहानाने बाईंचं मनगट धरलं. तिचं हसणं गेलं होतं. "बाई, पाय जरा वाकडा राह्यला तं राहू द्या. चालन मी लंगडत. पण कमरेले नका हात लावू. टोपली गेली तं मी घरात बसून काय करू? सलीमच्या पगारात दोन पोरी नाई निघत."

बाई म्हणाल्या, "नाही लावत. खड्यांवरच करू. शब्द देते तुले."

हे माझ्यासमोर झालं. बाईंचा शब्द म्हणजे मला काय होतं ते मी वर सांगितलंच आहे. मी रेहानाला म्हटलं, आता निश्चिंत झोप.

एक सांगायचं राहिलं. त्याच्या थोडं आधी एका शाळामास्तरांचं ऑपरेशन बाईंनी नुसत्या खड्यांवर केलं होतं, कमरेला हात न लावता. ते जुळलं नाही. पट्टी मोडली. त्यांचा मेव्हणा दवाखान्यात येऊन सगळ्या पेशंटसमोर ओरडला, "आमच्या माणसाच्या पायात कपबश्या भरल्या हिनं!" बाई उभ्याने ऐकत राहिल्या. नंतर कपबशी हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही, आणि बशीतून चहा पिणंही बंद केलं. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. हे मला तेव्हाच समजायला हवं होतं, पण मी बाईंना तसं माणूस समजतच नव्हते.

ऑपरेशनच्या सकाळी मी रेहानाचा पाय औषधाने रंगवत होते. बाई मागून म्हणाल्या, "कमरेपर्यंत रंगव. उजवी."

"कमरेचं काय काम बाई?"

"सवय गं. अर्धवट रंगवलं की चुकल्यासारखं वाटते."

मी मानलं. का नाही मानणार? आजवर त्यांनी मला सांगितलेलं काही खोटं निघालं नव्हतं.

भूल दिली. कापड बांधलं. माझं काम पेशंटच्या डोक्याशी, हात धरून बसायचं. रेहाना टक्क जागी. छताकडे बघत मला डोणगावच्या कुठल्या नवरीची गंमत सांगत होती. पलीकडे बाईंनी जुनी पट्टी काढली, हाडाची टोकं साफ केली, आणि त्यांचा हात थांबला. फट फोटोत दिसली त्याहून बरीच मोठी होती. मी कापडावरून बाईंच्या डोळ्यांकडे पाहत होते. मास्कच्या वर डोळेच दिसतात. त्या डोळ्यांत मला तो मेव्हणा दिसला, खोटं सांगत नाही.

मला वाटलं, आता त्या कापडावरून डोकं पुढे घालतील. रेहाना, फट मोठी निघाली, असं असं आहे, सांग काय करू. अंतर किती होतं? हातभर. तेवढं कापड ओलांडायचं होतं फक्त.

बाई वळल्या आणि दाराकडे गेल्या.

दार किलकिलं झालं. बाहेर सलीमभाई बाकावर बसलेला. मला सगळं ऐकू आलं. "हाड कमरेचं घ्यावं लागन. पाय जुळाचा असन तं दुसरा इलाज नाई." आणि सलीमभाई, बिचारा, हात जोडून म्हणाला, "आपकू जैसा ठीक लगे वैसा करो, डॉक्टरसाब."

बाई परत आल्या. मी हळूच म्हटलं, "बाई, ती जागी हाये. तिलेच विचारा ना."

"तू हात धर," त्या म्हणाल्या.

छिन्नीला हातोडा लागला. अर्ध्या भुलीत दुखत नाही, पण दणका कळतो. रेहानाची गंमत मध्येच थांबली. "दीदी, हा धक्का कमरेतून काऊन येऊन राह्यला?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात कापडापलीकडून बाईंचा आवाज आला, अगदी मऊ, लाडिक. तसा आवाज मी त्यांचा कधी ऐकलाच नव्हता. "काही नाई रेहाना. पायाचंच चाललं. हाडं सगळी एकमेकाले जोडलेली असते ना, म्हणून वाटते तसं."

"अस्सं," रेहाना म्हणाली, आणि माझा हात थोपटून नवरीची गंमत पुढे सांगायला लागली. तिला वाटलं मीच घाबरले. बाईंना चार वर्षांच्या पोराला खरं सांगता येत होतं, आणि रेहानाला सांगता आलं नाही. मला राग असा आला की शेजारचा ट्रे उचलून फेकून द्यावा. पण ऑपरेशन चालू होतं, रेहानाच्या पायात फट उघडी होती, कुठे फेकता!

पुढचंही सांगते, कारण मी एकतर्फी बोलते असं कोणी म्हणू नये. कमरेचं हाड काढून झाल्यावर बाईंनी खड्यांची सगळी पाकिटं मागवली. पायासाठी आणलेले ते खडे त्यांनी रेहानाच्या कमरेतल्या खड्ड्यात भरले. अंगठ्याने दाबून दाबून, कड जशी होती तशी वर आणून. इतक्या मायेने मी त्यांना कधी काम करताना पाहिलं नाही. मदतीचा डॉक्टर म्हणाला, पुरे मॅडम. तरी त्या थांबेनात. त्यांना मनातून काय झालं होतं ते मला दिसत होतं. पण आधी थोबाडीत मारायची आणि मग गालाला हळद लावायची, याला मी तरी माया म्हणत नाही.

संध्याकाळी भूल उतरली. रेहानाने पांघरुणाखालून हात खाली नेला आणि तो कमरेवरच्या बँडेजवर थांबला. माझ्याकडे बघून म्हणाली, "दीदी, इथं काय हाये?"

मी सांगितलं. खरं ते सगळं सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं, ओरडेल असंही वाटलं होतं. तिने फक्त मान वळवून सलीमभाईला विचारलं, "तुमकू पूछे थे?"

"मैं बोला, आपकू जैसा ठीक लगे..."

"मैं अंदर जाग रई थी ना," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाई राउंडला आल्या. फोटो उजेडात धरून पट्टी कशी बसली, हाड कसं भरलं, सगळं समजावून सांगितलं, सलीमभाईला. रेहाना त्यांच्या तोंडाकडे बघत होती. त्या तिच्याकडे बघत नव्हत्या.

मी दुपारी त्यांच्या खोलीत गेले. दार लावलं. म्हटलं, "बाई, तुम्ही शब्द दिला होता."

"पाय जुळायला पाहिजे होता सुनंदा. त्या मास्तरासारखं झालं असतं तं?"

"मग हेच तिले सांगायचं होतं. दारापर्यंत गेलात. तिच्यापर्यंत नाही गेलात."

बाईंनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. मग म्हणाल्या, "अन् ती नाही म्हटली असती तं? मी काय केलं असतं मग?"

"तिची कंबर होती. तिनं ठरवलं असतं."

"सोपं असते बोलणं," त्या म्हणाल्या. आणि मग, माझ्याकडे न बघता, "सकाळी तुले सवयीचं बोलली, तेबी खरं नव्हतं."

ते मला कळलंच होतं. पण त्यांनी तोंडाने सांगितलं तेव्हा जास्त लागलं. म्हणजे लागलं तर कंबर घ्यायची, हे त्या सकाळी घरून निघतानाच ठरवून आल्या होत्या, आणि रेहाना शब्दावर झोपली होती, आणि मी तिला झोप म्हटलं होतं. ड्रेसिंगची वेळ झाली होती, गेले.

त्यानंतरही मी तिथेच नोकरी केली. सोडून कुठे जाता! पण बाई पेशंटला काही सांगायला लागल्या, की मी ऐकताना मनात म्हणायचे, बघू. पूर्वी असं व्हायचं नाही. आणि बाईंनाही ते कळायचं. जेवताना त्या माझ्या बाजूला बसेनाशा झाल्या.

रेहानाचा पाय जुळला, सरळ, छान. आणि कंबरही, काय सांगावं, दुखली ती थोडेच दिवस. नाडी जागच्या जागी बांधायला लागली. टोपली पुन्हा उजव्या कडेवर आली. बाईंचं गणित बरोबर निघालं, अगदी सगळं. त्या तिच्या कमरेचा फोटो येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला दाखवायच्या. "बघा, कड कशी भरून आली." फोटो रेहानाचा आहे हे सांगायच्या, बाकीचं सांगायच्या नाहीत.

मग बाईंचे गुडघे बोलायला लागले. हाडाच्या डॉक्टरणीचेच गुडघे! उभं राहवेना. दवाखाना बंद करून पुतण्याकडे नाशिकला जायचं ठरलं. शेवटच्या दिवशी व्हरांड्यात बायकांची ही गर्दी. कोणी शेवया आणल्या, कोणी ज्वारीचं पीठ, कोणी नुसतीच पाया पडायला. रेहानाही आली, टोपली कडेवर. "बाई, आता कापाकापी संपली. आता तरी हात भरा," असं म्हणून तिने बाईंचा हात ओढून मांडीवर घेतला. बाईंचे उभ्या जन्मात मोकळे असलेले ते दांडगे हात. सगळ्या बायका हसायला लागल्या. रेहाना एकेक हिरवी बांगडी चढवू लागली, आणि प्रत्येक बांगडीला पंजा दाबायच्या आधी विचारायची, "दाबू का?" बाई म्हणायच्या, दाब. विचारल्याशिवाय मन्यारीण हात दाबत नाही, त्यात विशेष काही नाही.

एक हात भरला. बाई खुशीत आल्या. बायकांकडे वळून म्हणाल्या, "पाह्यलं का? याच कमरेचं हाड काढलं होतं मी. अन् टोपली आज तिथंच हाये. काऊन वं रेहाना, दुखते का कधी? सांग सगळ्याईले."

"नाई बाई," रेहाना म्हणाली. ती दुसऱ्या हातासाठी बांगड्या निवडत होती. "बिल्कुल नाई दुखत. तुमचे उपकार हाये. पायबी तुमच्यानंच हाये." मग मान वर करून, राग नाही, काही नाही, जसा बांगड्यांचा दर सांगावा तसं म्हणाली, "विचारलं असतं तं मी हाव म्हटलं असतं, बाई."

बायकांना काही कळलं नाही. त्या हसतच होत्या. बाईंचं तोंड मात्र मी पाहिलं, आणि मला बरं वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं. इतकी वर्षं मी धरून ठेवलेला राग तिथे एका बाजूला पडला, आणि नुसतं वाईट वाटलं. हातभर कापड होतं हो. पलीकडून ती हो म्हणणार होती.

बाईंनी हात मांडीवरून काढून घेतला. पुतण्याला म्हणाल्या, "चल, उशीर होते." गुडघ्यांवर हात टेकून उठल्या.

"अवं बाई, दुसरा हात बाकी हाये!" रेहाना म्हणाली. "एका हातात घालून कोणी जाते का?"

त्या थांबल्या नाहीत. गाडीत बसल्या, काच वर केली. एक हात हिरवागार भरलेला, दुसरा मोकळा. रेहाना दुसऱ्या हाताच्या बांगड्या बोटांत अडकवून पायरीपर्यंत त्यांच्या मागे गेली, आणि गाडी वळल्यावर त्या परत टोपलीत नीट लावून ठेवायला लागली.